पाण्याखालचं नाव

आमच्या जिल्ह्यात बिननावाची वस्तू सापडणं कठीण आहे. देवळातल्या घंटेवर नाव, बसस्टँडच्या बाकड्यावर नाव, स्मशानातल्या शेडवर तर आजोबांपासून नातवापर्यंत अख्ख्या घराण्याची नावं. आमच्या कॉलेजच्या सभागृहात एक पंखा आहे. त्याच्या तीन पात्यांवर तीन देणगीदारांची नावं तांबड्या रंगात लिहिलेली आहेत. पंखा फिरला की नावं वाचता येत नाहीत, म्हणून त्या तिघांपैकी कुणी सभागृहात आलं की शिपाई आधी जाऊन पंखा बंद करतो. मग आम्ही घामानं निथळत भाषण ऐकतो. बाहेरच्या माणसाला ही थाप वाटते. त्यानं मे महिन्यात एकदा येऊन बसावं.

मी या कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे घंटा वाजल्यापासून घंटा वाजेपर्यंत मी प्राध्यापक असतो, मधल्या सुट्टीत बेकार. माझा स्वभाव तिरका आहे असं प्राचार्य म्हणतात. त्यांना वर्षभर माझ्या जागी बसवलं तर ते किती सरळ राहतात, हे मला एकदा बघायचं आहे.

गेल्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या अर्पितानं बोट बांधायचं मनावर घेतलं. आमच्याकडे प्यायचं पाणी टँकरनं येतं आणि ही पोरगी बोट बांधणार, म्हणून सगळं कॉलेज हसलं. मीही हसलो, मग तिनं काढलेली चित्रं पाहिली आणि गप्प झालो. साधी बोट पाण्यात पोट टेकवून चालते, अर्पिताची पोट उचलून चालणार होती. अशा बोटीला हायड्रोफॉइल म्हणतात. खाली पुढे एक आणि मागे एक असे दोन लांब पाय, पायांच्या टोकाला आडवे पंख, आणि बॅटरीवरची मोटार. वेग आला की पंख पाण्यातल्या पाण्यात उचल घेतात, बोट हातभर वर येते, आणि पंख अन् पायांचा खालचा भाग तेवढा पाण्यात राहतो. पोटाला पाणी घासत नाही, म्हणून बोट सुसाट पळते.

एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये तिनं पाय कापून घेतले, पंख स्वतः घासून गुळगुळीत केले आणि तिच्या गावाजवळच्या धरणावर बोट उतरवली. बोट उठली. हसणारे सगळे मोबाइल काढून काठाकाठानं धावले. सरळ रेषेत ती छान गेली, वळायला लागली आणि धाडकन तोंडावर आपटली. अर्पिताच्या भुवईला टाके पडले. पुढच्या खेपेला वळणावर पुन्हा तेच झालं, आणि त्याच्या पुढच्या खेपेलाही.

कारण तिला ठाऊक होतं. वळताना पाय पाण्यात थोडा तिरका होतो. त्याच्या एका अंगाला पाण्याचा दाब कमी होऊन ओढ तयार होते, आणि वरची हवा पायाच्या कडेकडेनं खाली उतरते ती थेट पंखापर्यंत. पंखावर पाण्याच्या जागी हवा आली की उचल संपली. आमच्याकडे हे फार समजावून सांगावं लागत नाही. विहिरीवरच्या मोटारीनं हवा धरली की ती नुसती घुमते आणि पाणी बंद होतं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. इथे बोटीच्या पंखानं हवा धरली, एवढाच फरक.

उपायही ठाऊक होता. पायाभोवती पातळ, गुळगुळीत पट्ट्या आडव्या बसवायच्या. पायाला धरून उतरणारी हवा पट्टीशी अडते. पुढच्या पायाला तीन पट्ट्या पुरतील असं तिनं गणित केलं. वरच्या दोन बोट उठत असताना कामाच्या. सगळ्यात खालची मात्र बोट उठल्यावरही पाण्यातच राहणारी, आणि खरी राखण तिचीच.

पट्ट्यांना चांगलं स्टील लागत होतं, म्हणून प्रकरण संस्थेकडे गेलं आणि तिथेच माशी शिंकली. संस्थेचे अध्यक्ष भुजंगराव. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांना बोटीतलं काही कळत नाही, पण कार्यक्रमातलं सगळं कळतं. केरळात देशभरातल्या कॉलेजांची अशा बोटींची स्पर्धा असते. मधे न पडता, वळण घेऊन पलीकडच्या काठाला पोचलेली बोटच तिथे घेतात, आणि तिथले बोटी बांधणारे कारखानदार चांगल्या पोरांना तिथल्या तिथे कामावर ठेवतात. अर्पिताला दुसरं काही नको होतं. अण्णांनी ठरवलं, आपल्या वाढदिवसाला धरणावर कार्यक्रम करायचा. बोट न पडता पार गेली तर पोरीला केरळला पाठवायचं. पडली तर बोट कॉलेजच्या गेटसमोर चबुतऱ्यावर बसवायची, शोभेसाठी. चबुतरा आधीच बांधून झाला होता. त्याला फरशी लावून झाली होती आणि अण्णांचं नावही.

"सर, बोट त्या चबुतऱ्यावर गेली तं मी पन तिथंच बसन," अर्पिता मला म्हणाली. "मला आता दुसऱ्या कामात मन लागत न्हाई." हे ती हसत बोलली. मला तिच्या वयात असं एकही काम सापडलं नव्हतं.

पट्ट्यांवर नावं टाकायची कल्पना उपाध्यक्ष राधेश्यामजींची. ते बियाण्यांचे मोठे व्यापारी. पाकिटावर आधी स्वतःचा फोटो छापायचा आणि मग आत बियाणं भरायचं, ही त्यांची रीत. त्यांच्या मते पट्टी संस्था देणार तर पट्टीवर संस्थेच्या माणसांचं नाव असणं बरोबरच होतं. वरची पट्टी अण्णांना, मधली राधेश्यामजींना आणि तिसरी सरकारी कंत्राटं घेणारे गुत्तेदार पप्पूशेठना, असं बैठकीत ठरलं. पप्पूशेठ पुढची निवडणूक लढवणार होते, त्यामुळे ते सध्या दिसेल तिथे नाव टाकत होते.

पहिला घोळ अक्षरांवरून झाला. तिघांनाही पितळेची उठावदार अक्षरं हवी होती. अर्पितानं हात जोडून सांगितलं, की पट्टीवर काहीही वर आलेलं चालत नाही, तिथूनच हवेला पाय ठेवायला जागा मिळते. शेवटी लेझरनं कोरलेल्या गुळगुळीत अक्षरांवर तडजोड झाली. मग अण्णांच्या नावाआधी 'शिक्षणमहर्षी' आणि 'सहकारभूषण' लागायचं म्हणून त्यांची पट्टी वाढवावी लागली. ती परातीएवढी झाली. पोरीनं तेही गिळलं.

मग पप्पूशेठनी सहज विचारलं, की तिसरी पट्टी नेमकी कुठे असते. अर्पिता खरं बोलणारी. ती म्हणाली, पाण्यात. बोट उठल्यावर कुठे, असं त्यांनी विचारलं. तेव्हाही पाण्यातच, ती म्हणाली. सभागृहात पंखा अर्थातच बंद होता, त्यामुळे पसरलेली शांतता चांगली ऐकू आली.

पप्पूशेठ म्हणाले की निवडणुकीच्या तोंडावर नाव पाण्याखाली जाणं हा अपशकुन आहे, आणि तो कुणी मुद्दाम घडवून आणतंय. त्यांची समजूत घालायला त्यांना वरच्या दोघांच्या जवळ एक जादा पट्टी मंजूर झाली. आता वर तीन नावं झाली आणि खालची पट्टी मोकळी राहिली. आमच्या संस्थेत मोकळी पट्टी लावता येत नाही. मागे ग्रंथालयाच्या भिंतीवर एक कोरी फरशी राहिली होती, तिच्यावर विरोधी गटानं रातोरात आपल्या माणसाचं नाव कोरून टाकलं आणि दोन्हीकडचे लोक अजून कोर्टात जातात. म्हणून खालच्या पट्टीसाठी नाव शोधणं सुरू झालं. एकानं विरोधी गटाच्या म्होरक्याचं सुचवलं, ते सगळ्यांना आवडलं, पण आपलं स्टील त्याला फुकट मिळेल म्हणून सोडून दिलं. एकानं प्राचार्यांचं सुचवलं. प्राचार्यांना घाम फुटला. शेवटी कुणीतरी माझं नाव घेतलं. त्यावर कोषाध्यक्ष म्हणाले, तासिका तत्त्वावरच्या माणसाचं नाव पक्क्या पट्टीवर कोरलं तर तो उद्या तेवढ्यावर नोकरीत कायम व्हायला बघेल.

"कोनीच घेत न्हाई तं ती पट्टी लावताच कामून?" राधेश्यामजींनी विचारलं. हा प्रश्न इतका सोपा होता, की ठराव लगेच एकमतानं मंजूर झाला. खालची पट्टी रद्द.

अर्पिता उभी राहिली. ती शांतपणे म्हणाली, की वरच्या तिन्ही काढल्या तरी बोट एक वेळ तग धरेल, पण ही एक काढली तर वळणावर पडणारच. संस्थेच्या इतिहासात इतकं भयंकर वाक्य कुणी बोललं नसेल. मी तिला हाताला धरून खाली बसवलं. मला सगळ्यांचा संताप आला होता, आणि तरीही मी हसऱ्या तोंडानं आभार मानले. माणूस तासिका तत्त्वावर असला की चेहराही तसाच ठेवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन अण्णांच्या बंगल्यावर गेलो. अण्णा वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी स्वतःचे फोटो निवडत बसले होते. खालच्या पट्टीला कुणाचं तरी नाव मिळालं तर ती बसवू का, असं मी विचारलं. अण्णांनी मान वर केली नाही.

"पान्याखाली काय लिवायचं ते लिवा," ते म्हणाले. "वर माझं बराबर दिसलं पाहिजे."

एवढी परवानगी आम्हाला भरपूर होती. आता फक्त नाव हवं होतं, आणि तेच मिळत नव्हतं. वर्गातल्या पोरांना विचारलं तर त्यांनी आईबापांना फोन लावले, आणि आईबापांनी स्पष्ट नकार दिला. जिवंत माणसाचं नाव पाण्याखाली ठेवू नये, आणि मेलेल्याचं तर मुळीच नाही, असं एकंदर मत पडलं.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी वर्कशॉपमध्ये अर्पिताची आई डबा घेऊन आली. द्वारकाबाई. दुसऱ्याच्या रानात कापूस वेचून ती सरळ बसनं आलेली, पदराला अजून कापसाचे तंतू चिकटलेले. तिचं गाव सावरपिंपळ. अर्पिता मांडीवर होती तेव्हा धरणाचं पाणी चढलं आणि सावरपिंपळ खाली गेलं. लोकांना टेकाडावर प्लॉट दिले. पुनर्वसन समितीवर अण्णा होते, म्हणून नव्या वस्तीचं नाव भुजंगनगर पडलं. वेशीवरच्या कमानीवर तेच, आधारकार्डावर तेच. द्वारकाबाई अजूनही बसमध्ये सावरपिंपळचं तिकीट मागते आणि प्रत्येक नवा कंडक्टर तिला असा स्टॉप नाही म्हणून सांगतो.

लेकीचा चेहरा पाहून तिनं काय झालं विचारलं. अर्पितानं सगळं सांगितलं. द्वारकाबाईनं कोरी पट्टी हातात घेतली, उलटीपालटी केली, आणि ही कुठे राहणार ते पुन्हा विचारून घेतलं.

"पान्यात, माय. बोट किती बी वर आली तरी हिला खालीच राहनं हाय."

"मंग आपल्या गावाचं नाव टाक," द्वारकाबाई म्हणाली. "ते तसं बी तिथंच हाय."

ती हे डबा उघडता उघडता बोलली. मी दुसरीकडे बघायला लागलो, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि विद्यार्थ्यांसमोर ते बरं दिसत नाही. अर्पिता जेवली नाही. पट्टी घेऊन शेजारच्या लेझरवाल्याकडे गेली, समोर उभी राहून अक्षरं कोरून घेतली, बोटांनी चाचपून पाहिली, पुन्हा घासली आणि पायाला सगळ्यात खाली बसवली. सावरपिंपळ. पुढे महर्षी नाही, मागे भूषण नाही.

वाढदिवसाला धरणाच्या काठावर मांडव पडला होता. सत्कार सुरू झाले ते संपेनात. शाल, नारळ, फेटा, पुन्हा शाल. उन्हानं बोटीची बॅटरी तापायला लागली तेव्हा अर्पिता तिच्यावर ओला टॉवेल टाकून उभी राहिली. बोट पाण्यावर नुसती तरंगत असली की चारही पट्ट्या पाण्याखाली असतात, त्यामुळे संचालक अस्वस्थ होते. त्यांची नावं वर यायची तर बोट उठायला हवी होती. अण्णांनी फोटोग्राफरला सांगून ठेवलं होतं, आपलं नाव पाण्यातून निघेल तो क्षण चुकवायचा नाही. त्या दिवशी संस्थेच्या सगळ्या माणसांनी अर्पिताच्या यशासाठी मनापासून प्रार्थना केली, हे मला मान्य केलं पाहिजे.

ती बसली, बोट निघाली. आधी ती पाणी कापत जड जड चालली. परातीएवढी पट्टी तिला मागे ओढत होती. मग नाक वर आलं. अण्णांचं नाव पाण्यातून निघालं आणि मांडवात टाळ्या पडल्या. मागोमाग राधेश्यामजी निघाले, मग पप्पूशेठ. पप्पूशेठच्या माणसांनी फटाक्यांची माळ लावली. तिघांची नावं निथळत, चमकत पुढे निघाली, आणि माझं लक्ष त्यांच्या खालच्या पाण्यावर होतं. वळण यायचं होतं.

द्वारकाबाई माझ्या शेजारी उभी होती. ती बोटीकडे बघतच नव्हती. समोरची टेकडी आणि पलीकडच्या काठावरचं कडुलिंबाचं झाड यांच्यामधून ती पाण्यावरची जागा हेरत होती आणि हळू आवाजात, आपल्याशीच, सांगत होती.

"आता वेशीवरून गेली," ती म्हणाली. "आता शाळंवरून. हा मारुतीचा पार."

बोट झुकली. याच जागी ती दर वेळी हवा धरत होती. पाय तिरका झाला, त्याच्या एका अंगाला पाण्यात खळगा पडला आणि पांढरा फेस खाली उतरताना मला काठावरूनही दिसला. टाके पडले त्या दिवशी मीच तिला उचलून दवाखान्यात नेलं होतं.

"आता आमचं घर," द्वारकाबाई म्हणाली.

फेस एका जागी अडला. बोट थरथरली, पण पडली नाही. तिनं वळण पुरं केलं, सरळ झाली आणि पलीकडच्या लिंबाकडे निघाली. द्वारकाबाईनं पुढचं एकही घर सांगितलं नाही. पदर तोंडाला लावून ती तिथेच मटकन खाली बसली, आणि मी, एवढा तिरका माणूस, फेटे बांधलेल्या लोकांच्या बरोबरीनं वेड्यासारखा टाळ्या वाजवत सुटलो.

अर्पिता परत आल्यावर एका वार्ताहरानं तिला बोट न पडण्याचं कारण विचारलं. ती पुन्हा खरं बोलली. वरच्या पट्ट्या शोभेच्या, खालच्या एका पट्टीनं हवा अडवली, असं तिनं माइकवर सांगून टाकलं. मांडवात चुळबुळ सुरू झाली. पप्पूशेठ म्हणाले, खालची पट्टी मुळात त्यांचीच होती, बैठकीतल्या लोकांना विचारा. राधेश्यामजी म्हणाले, पट्ट्यांची कल्पनाच त्यांची, तेव्हा कुठली कुणाची हे तेच सांगणार. दोघेही आता पाण्याखाली जायला एका पायावर तयार होते. अण्णांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि अर्पिताला पुढे बोलावलं.

"त्या खालच्या पट्टीवर नाव कोनाचं हाय?"

मी मनातल्या मनात चबुतऱ्यावरची बोट पाहिली. बाजूला बसलेली द्वारकाबाई उठून उभी राहिली.

"गावाचं हाय, अण्णा," अर्पिता म्हणाली.

"कोन्त्या गावाचं?"

"आमच्या."

अण्णांचा चेहरा असा फुलला, की फ्लेक्ससाठी निवडलेल्या एकाही फोटोत तो तसा नव्हता. तिचं गाव कोणतं हे त्यांना विचारायची गरज नव्हती. त्या गावाच्या कमानीचं उद्घाटन त्यांनीच केलं होतं.

"म्हंजे वर बी मी आन् खाली बी मीच," ते म्हणाले, आणि माइक ओढून त्यांनी जाहीर केलं की ही बोट आणि ही पोरगी केरळला जाणार, आणि त्या पट्ट्यांना कुणी हात लावायचा नाही. राधेश्यामजींनी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. पट्टी वाचायला पाण्यात उतरावं, असं त्यांच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही. अंगात नवे कपडे होते.

चार पोरांनी बोट काठावर ओढली आणि टेम्पोत चढवली तेव्हा मांडव रिकामा झाला होता, सगळे जेवायला गेले होते. द्वारकाबाई टेम्पोजवळ आली. तिला वाचता येत नाही. कोणती पट्टी ते तिनं लेकीला विचारलं, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि पदरानं पाणी टिपलं. केरळ किती लांब आहे, तिकडेही पट्टी पाण्यातच राहणार का, हे तिनं विचारून घेतलं. अर्पिता हो म्हणाली.

"चला," द्वारकाबाई म्हणाली, "गावाचं दुसऱ्यांदा पुनर्वसन झालं. या खेपेला नाव तं तेच राह्यलं."